अठरा ऑक्टोबरचा इंग्रज

शरच्चंद्र वासुदेव ताम्हणे यांनी नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर तीस वर्षं काम केलं. त्यातली बारा वर्षं, वर्षातून एक दिवस, ते इंग्रज होते.

भिवंडीजवळ राहनाळच्या पुढे खाडीला लागून एक जुना दगडी धक्का आहे. एके काळी तिथून भाताची पोती आणि मीठ जायचं. पुढे रस्ते झाले, गोदामं झाली, माल ट्रकवर चढला आणि धक्क्यावर बकऱ्या बसू लागल्या. या धक्क्यावर १९८१ साली 'लढाई' सुरू झाली. खांदेरीच्या पाण्यात १६७९ साली मराठ्यांच्या आरमाराने इंग्रजांना गाठलं होतं. वारा पडला होता. शिडावर चालणारी इंग्रजी गलबतं अडकली आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या त्यांच्यावर चालून गेल्या. 'डव्ह' नावाचं गलबत माणसांसकट हाती लागलं. बाकीची काही निसटली. शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं कल्याण-भिवंडीच्या खाडीत बांधली गेली होती, त्यामुळे खांदेरीचा विजय थोडा आपलाही, असं भिवंडीकरांना वाटतं. मुख्याध्यापक श्रीनाथ कर्णिक यांना ते फार वाटायचं. त्यांनी समिती काढली, खाडीकाठच्या तरुणांना होड्या काढायला लावलं आणि कोजागिरीच्या दुपारी, भरतीच्या पाण्यात, लढाई करून दाखवायचं ठरलं.

मराठ्यांकडून लढायला साठ जण तयार झाले. इंग्रज व्हायला एक कॉलेजचा विद्यार्थी मिळाला होता. पकडलेल्या इंग्रजाला चिखलाचे गोळे मारणार असल्याचं कळल्यावर तो त्या दिवशी कल्याणला मामाकडे गेला.

ताम्हणे तेव्हा चाळीस वर्षांचे होते. ते माहिती वाचून दाखवायला आले होते. दोन फुलस्केप कागद, सुवाच्य अक्षर, प्रत्येक सनावळीखाली लाल रेघ.

कर्णिकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ताम्हणे, तुमचे डोळे घारे आहेत."

"सर, माझ्याकडे माहितीचा कागद आहे."

"तो मी वाचतो. तुम्ही होडीत बसा."

होडीला दोन्ही बाजूंनी प्लायवूड ठोकून गलबत केलं होतं. शीड लूमवरून उतरवलेल्या कोऱ्या कापडाचं. ताम्हण्यांना बँडवाल्याचा लाल कोट घातला. मराठ्यांच्या तीन होड्या आल्या, आरोळ्या झाल्या, ताम्हण्यांना धरून धक्क्यावर आणलं. चिखल झाला. मग त्यांचे हात काथ्याच्या दोरीने बांधून धोंडूबाईच्या ओटीवर बसवलं.

धोंडूबाई ही मराठ्यांचा सरदार झालेल्या केसरीनाथ भोईरची आई. तिचा नवरा पडावावर, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीवर, तांडेल होता आणि धक्क्यावर तिचा शब्द चालायचा. तिने कैद्याला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं, म्हणजे गाळातल्या माशांचं, कालवण वाढलं आणि तिथल्या तिथे दोन कायदे केले. पहिला कायदा असा, की कैद्याच्या घरचं माणूस सोडवायला आलं पाहिजे. 'कोनाचा मानूस हाय ह्यो?' असं तीनदा विचारलं जाईल आणि तिन्ही वेळा पूर्ण नाव सांगावं लागेल. त्याशिवाय दोरी सुटणार नाही. ताम्हण्यांच्या पत्नी सुमती पहिल्या वर्षी हसत आल्या. जमलेल्या दोनशे बायकांपुढे तीनदा नवऱ्याचं नाव घेऊन त्यांनी दोरी सोडवली.

दुसरा कायदा केसरीनाथच्या प्रश्नातून निघाला. धक्क्यापासून पाऊण मैलावर, खाडीच्या तोंडाकडे, पडाव बांधायचा एक जुना खुंट पाण्यात उभा आहे.

"आये, काही इंग्रज पलाले व्हते म्हनं. ह्यो पलाला तर?"

"त्या खुटाच्या पल्याड गेला तर सुटला," धोंडूबाई म्हणाली. "कायमचा सुटला. मंग फुरल्या साली साहेब आपल्यातला, आनी ज्याच्या हातून सुटला त्यो सरदार गोरा."

लोक हसले. ताम्हणेही हसले. तोंडात निवटी होती.

दुसऱ्या वर्षी कर्णिक म्हणाले, आता कोट तुमच्याच मापाचा केलाय. तिसऱ्या वर्षी काही म्हणायची गरज उरली नाही. १९८४ साली लढाई झाली नाही. त्या वर्षी भिवंडीत काहीच झालं नाही, म्हणजे मेमध्ये जी दंगल झाली त्यानंतर काही झालं नाही. १९८५ साली परवानगीचा प्रश्न आला. कोजागिरी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते, अर्जात मात्र तारीख लागते. शिवाय जुन्या चालत आलेल्या कार्यक्रमाला, ठरलेल्या दिवशी, त्याच त्या माणसांसह परवानगी लवकर मिळते, असा सगळ्यांचा अनुभव होता.

इथे ताम्हणे पुढे झाले. जन्म-मृत्यूच्या खिडकीवर त्यांचं आयुष्य तारखांवर चाललेलं. 'गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी झाला' असं सांगणाऱ्या आयांना ते शांतपणे परत पाठवायचे. एकवीस दिवसांच्या आत आलेली नोंद सरळ होते, एक वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी पुस्तकातून तारीख काढली : अठरा ऑक्टोबर. ठराव स्वतः लिहिला. 'लढाई दर वर्षी दि. १८ ऑक्टोबर रोजीच होईल. अन्य कोणत्याही दिवशी झालेली कृती लढाईचा भाग समजली जाणार नाही.' दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते त्यांच्या सवयीतून आलं. खाली सहभागी माणसांची यादी जोडली. 'इंग्रज कप्तान' या शब्दांपुढे त्यांनी आपलं पूर्ण नाव घातलं, कारण त्या वर्षी तरी तेच होते.

ठराव वाचून दाखवला तेव्हा केसरीनाथ म्हणाला, "ताम्हनेभाऊ, तारखेला पानी नसतंय. पानी तिथीला येतं."

"केसरीशेठ, इतिहास तारखेनं चालतो."

"चालू द्या. पन टायम मना इचारा."

वेळ दर वर्षी केसरीनाथ सांगू लागला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, त्यात इथल्या खाडीपुरता तास-सव्वा तास घालायचा. तो बोटांवर करायचा. अमावास्या आली तर दुपार, एकादशी आली तर सकाळ, अष्टमी आली तर दिवेलागणी. लढाई कधी आठ वाजता झाली, कधी साडेसहाला. इंग्रज मात्र दर वर्षी तोच.

सुटायचा प्रयत्न ताम्हण्यांनी केला नाही असं नाही. १९८६ साली त्यांनी कर्णिकांना लेखी दिलं की पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघावा. कर्णिकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "परवानगीत तुमचं नाव आहे. नाव बदललं की पुन्हा सगळ्यांची चौकशी. तुम्हीच तर यादी केलीत." १९८७ साली ते ताप आलाय म्हणून अंथरुणावर पडून राहिले. समितीचे चौघे रिक्षा घेऊन दारात आले.

"साहेब, थर्मामीटर आणलाय."

थर्मामीटर अठ्ठ्याण्णव दाखवत होता. त्यांना शालीसकट नेलं. १९८९ साली त्यांनी ऑफिसातल्या एका कारकुनाला तयार केलं. तो धक्क्यापर्यंत आला, टोपल्यांत भरून ठेवलेला चिखल पाहिला आणि म्हणाला, "ताम्हणे, माझे डोळे काळे आहेत हो."

गावात नाव बदललं. मंडईत भाजीवाल्या 'या साहेब' म्हणायच्या. नोंदणीच्या खिडकीवर येणारे लोक बाहेरच्या शिपायाला विचारायचे, "वो गोरा साहब कौन सी खिडकी पे बैठता है?" मुलगी नीला शाळेत होती तेव्हा तिच्या वहीवर कुणीतरी युनियन जॅक काढला होता. तिने वही बदलली आणि घरी काही सांगितलं नाही. सुमतीबाईंना जुनी वही रद्दीत सापडली. १९८३नंतर सुमतीबाईंनी सोडवायला येणं बंद केलं होतं. "दर वर्षी तुमचं नाव मी चव्हाट्यावर घ्यायचं आणि गावानं दुसऱ्याच नावानं हाक मारायची," त्या म्हणाल्या. तेव्हापासून कर्णिकच घरचं माणूस म्हणून उभे राहायचे. धोंडूबाईला ते मान्य नव्हतं, पण अंधार पडायच्या आत कैदी घरी जायला हवा म्हणून ती दोरी सोडायची. प्रत्येक वेळी म्हणायची, "ह्या मान्साला घरचं कोन न्हाय वाटतं."

या सगळ्याचा विचार ताम्हण्यांनी एकदम केला नाही. त्यांना निवृत्तीला सात वर्षं उरली होती. नंतर भिवंडीतच राहायचं होतं, घर तिथलंच. म्हणजे मरेपर्यंत साहेब. सुटकेचा एकच कायदेशीर मार्ग होता आणि तो अकरा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाण्यात उभा होता.

१९९२च्या जुलैपासून ते वर्तमानपत्रातल्या भरती-ओहोटीच्या वेळा कापून ठेवू लागले. अठरा ऑक्टोबरला रविवार होता. सकाळी साडेपाचच्या सुमारास भरती, पावणेबाराच्या सुमारास ओहोटी. म्हणजे दहा वाजता पाणी जोरात समुद्राकडे ओढत असणार. नेहमी लढाई भरल्या, थांबलेल्या पाण्यात होते. तिथे पळणं शक्य नाही. ओढत्या पाण्यात हलकी होडी आधी सुटली तर बारा-बारा माणसांच्या होड्या मागे राहतील. गणित बरोबर होतं.

वेळ केसरीनाथने सांगायची होती, हा अडथळा. त्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून नौदलातले एक निवृत्त अधिकारी येणार होते. पत्रव्यवहार ताम्हणेच करायचे. अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं, 'दिवसभरात कोणतीही वेळ चालेल.' ताम्हण्यांनी समितीला सांगितलं की पाहुण्यांना फक्त सकाळी दहाची वेळ आहे, आणि पाहुण्यांना कळवलं की कार्यक्रम दहालाच असतो. एकावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कागदावर केलेली ही पहिली लबाडी.

केसरीनाथ मान हलवत राहिला. "सप्तमी हाय. भांग हाय, भाऊ. पानी चढनारच न्हाय नीट. दहाला तर गाल, चिखल दिसल."

"पाहुण्यांची वेळ आहे, शेठ. आपण काय करणार?"

अष्टमीच्या आसपास खाडीचं पाणी सुस्तावतं, धड भरत नाही आणि धड ओसरत नाही. तिकडे त्याला भांग म्हणतात. हा शब्द वर्तमानपत्रातल्या वेळांच्या तक्त्यात नव्हता.

दुसरा माणूस लागणार होता तो वल्हवायला. इंग्रजांच्या होडीवर केसरीनाथच्या ट्रकचा ड्रायव्हर नवशा असायचा. चिखल त्यालाही लागायचा. ताम्हण्यांनी त्याला चहाला नेऊन विचारलं.

नवशाने कप खाली ठेवला. "पलाचं? खरंच पलाचं?"

"खुंटापर्यंत. थांबायचं नाही."

"धा सालं इंग्रजांची वल्ही मारतंय मी," नवशा म्हणाला. "मना पन मावला होवाचा हाय. पोरा इचारतान, बाबा तुमी कोनचे? पलवू."

अठरा ऑक्टोबरला धक्क्यावर दोन हजार माणूस होतं. अधिकारी पांढऱ्या कपड्यांत, दुर्बीण घेऊन आले होते. दहा वाजून पाच मिनिटांनी तुतारी झाली. मराठ्यांच्या होड्या सुटल्या. दर वर्षीप्रमाणे इंग्रजांची होडी मधोमध थांबून त्यांची वाट बघायला हवी होती. ती वळली आणि खाडीच्या तोंडाकडे निघाली.

आधी लोकांना वाटलं, नवशा चुकला. मग ताम्हणे उभे राहिलेले दिसले. त्यांनी लाल कोट काढून होडीच्या तळाला टाकला होता आणि दुसरं वल्हं त्यांच्या हातात होतं.

"अरे, साहेब पलतंय!" केसरीनाथ ओरडला. "मारा वल्ही! मारा!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा ती लढाई झाली. धक्क्यावरचे लोक पळत काठाने निघाले. बायका टोपल्या घेऊन धावल्या. पाणी खरंच ओढत होतं, हलकी होडी खरंच पुढे होती. खुंट मोठा होत गेला. त्याच्यावर बसलेला बगळा दिसू लागला, मग बगळ्याचे पाय दिसू लागले. नवशा हसत होता. खुंट शे-सव्वाशे फुटांवर असताना होडीच्या बुडाखाली काहीतरी मऊ लागलं. होडी थोडी पुढे गेली आणि थांबली.

ताम्हण्यांनी वल्हं खाली रोवलं. ते हातभर आत गेलं आणि परत आलं नाही.

मुख्य प्रवाह खुंटाच्या उजव्या अंगाने जातो. तिकडून गेले असते तर पाणी होतं. ते सरळ रेषेत गेले होते. मागून आलेल्या मराठ्यांच्या होड्या जड होत्या, त्या तर आणखी अलीकडे थांबल्या. केसरीनाथने त्या वेळेत मागे घेतल्या, नाहीतर त्याही बसल्या असत्या. मग दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मधे दीडशे फूट चिखल.

"शरण या!" कर्णिक काठावरून कर्ण्यातून म्हणाले.

"कुणाला?" ताम्हणे ओरडले.

पाणी गेलं. साडेअकराला होडी कलती होऊन उघड्या गाळात बसली होती. अधिकाऱ्यांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं, चहा घेतला आणि ते पडघ्याकडे रवाना झाले. त्यांना नाशिकला पोचायचं होतं. नवशाने होडीतली फळी काढली, तिच्यावर पोट टेकलं आणि पायांनी ढकलत मगरीसारखा काठाकडे निघाला.

"चाय घेऊन येतो, साहेब."

तो आला नाही. केसरीनाथने त्याला काठावरच धरून ठेवलं होतं.

ऑक्टोबरचं ऊन होतं. ताम्हणे शिडाच्या कापडाखाली बसले. कापडाला लूमच्या खळीचा वास येत होता. गाळात उतरणं त्यांना शक्य नव्हतं, ते माणूस कमरेपर्यंत ओढून घेतं. खुंट समोर होता. बगळा परत येऊन बसला. दोनच्या सुमारास लोक जेवायला गेले. काही मुलं उरली होती, त्यांनी फेकलेले गोळे मधेच पडत होते.

चारला सुमतीबाई आल्या. कुणीतरी घरी जाऊन सांगितलं होतं की साहेब खाडीत अडकलेत. त्या सरळ धोंडूबाईकडे गेल्या.

"मी त्यांना सोडवायला आलेय. विचारा काय विचारायचं ते."

धोंडूबाई ओटीवर पाय पसरून बसली होती. तिचं वय तेव्हा ऐंशीच्या वर होतं. "काय इचारू, बाय? आमी धरलाच न्हाय त्याला."

"मग सुटले म्हणा."

"सुटला पन न्हाय. खुट अजून फुरं हाय."

"मग ते आहेत कुणाच्या ताब्यात?"

"पान्याच्या," धोंडूबाई म्हणाली. "पान्याला इचारा."

साडेपाचला पाणी गाळावर चढू लागलं तेव्हा केसरीनाथ एकटा, छोट्या डोणीतून, मग फळीवरून होडीपाशी गेला. त्याने आधी पाण्याची बाटली दिली.

"पाहुन्याची टायम दहाची नव्हती," तो म्हणाला. "त्यांनी जाताना मना सांगितला. आमाला तर कधीपन चाललं असतं, बोलले."

ताम्हणे बाटली पीत राहिले.

"सरल इचारला असता मना. मी बोललो असतो, उजव्या अंगान जा. पानी तिकरं हाय."

"तुम्ही मराठ्यांचे सरदार आहात, शेठ. तुम्हाला कसं विचारणार?"

केसरीनाथ मोठ्याने हसला. "मी गोदामाचं भारं घेतो, भाऊ. सरदार एक दिवसाचा." मग म्हणाला, "या फलीवर. होरी आज उठनार न्हाय. चार दिस जातील. एकादशी-बारशीला पानी चढल."

"उतरलो तर मी पकडला गेलो?"

"मी पकराला आलो न्हाय. पानी द्याला आलो."

धक्क्यावर धोंडूबाईने निकाल सांगितला. होडी खुंटाच्या अलीकडे आहे आणि गाळात आहे, तोवर लढाई संपलेली नाही. पाणी होडीला उचलेल तेव्हा साहेबाने यावं आणि जे व्हायचं ते व्हावं. दोरी बांधली नाही, चिखल मारला नाही. ताम्हणे बायकोबरोबर रिक्षातून घरी गेले. वाटेत सुमतीबाई म्हणाल्या, "कोट राहिला होडीत." ते म्हणाले, "राहू दे."

गुरुवारी, बावीस तारखेला, त्यांनी किरकोळ रजा टाकली. अर्जावर कारण लिहिलं : खाजगी. साडेआठला ते धक्क्यावर होते. केसरीनाथने नवशाला ट्रकवरून सोडवून पाठवलं होतं. दोघे डोणीतून होडीपर्यंत गेले, चढले आणि थांबले. पाणी प्लायवूडच्या पहिल्या पट्टीला लागलं, मग दुसऱ्या. दहाच्या आधी होडी एकदा डुगडुगली आणि सरळ झाली.

"थांबा," नवशा म्हणाला. "वलू द्या पानी."

सव्वादहाच्या सुमारास पाणी वळलं. या वेळी ते उजव्या अंगाने गेले. पाठीमागे कुणी नव्हतं. धक्क्यावर केसरीनाथ आणि खुर्चीवर धोंडूबाई, एवढेच. एक ट्रक गोदामाकडे मागे घेत होता, त्याचा भोंगा ऐकू येत होता. खुंट जवळ आला, बाजूला आला, मागे गेला. जाताना ताम्हण्यांनी हात लांब करून त्याला स्पर्श केला. लाकूड वरून कोरडं होतं आणि खाली कालवांनी खरखरीत झालेलं. पुढे वीस-तीस फूट जाऊन नवशाने वल्ही वर घेतली.

"झाला, साहेब. सुटलाव."

धक्क्यावर परतल्यावर धोंडूबाईने त्यांना भाकरी वाढली. प्रश्न विचारला नाही. "फुरल्या साली माजा केसरी गोरा होल," ती म्हणाली. "पावडर लावू त्याला."

"आये, तुजा कायदा त्यो कायदा," केसरीनाथ म्हणाला. त्याचा चेहरा मात्र फार खूश नव्हता.

नोव्हेंबरात अधिकाऱ्यांचं आभाराचं पत्र आलं. शेवटी त्यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली होती. इंग्रज त्या काळी जुनी कालगणना वापरत. त्यांच्या दप्तरातली अठरा ऑक्टोबर म्हणजे आजच्या हिशेबाने अठ्ठावीस. ताम्हण्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि फायलीत लावलं.

ते वर्ष त्यांना हलकं गेलं. मंडईत कुणी साहेब म्हटलं तर ते सांगायचे, "मी सुटलो." लोक म्हणायचे, "हो का?" आणि दुधी तोलायचे. एप्रिलमध्ये धोंडूबाई गेली. तिची नोंद तिसऱ्या दिवशी केसरीनाथनेच खिडकीवर येऊन केली. वय माहीत नव्हतं. ताम्हण्यांनी अंदाजे ८२ लिहिलं.

सप्टेंबर १९९३मध्ये शाळेच्या वर्गात समितीची सभा झाली. कार्यवृत्त लिहायला नेहमीप्रमाणे ताम्हणे बसले होते. कर्णिकांनी यादी वाचली. इंग्रज कप्तान : श. वा. ताम्हणे.

"मी खुंटाच्या पलीकडे गेलोय," ताम्हणे म्हणाले.

"कधी?"

"बावीस ऑक्टोबरला."

केसरीनाथ उभा राहिला. "गेला त्यो. मी बगला. आयेनं बगला. आता साहेब आमच्यातला."

"तुम्ही गोरे साहेब, केसरीशेठ?" मागून कुणीतरी म्हणालं. "दोन डबे पावडर लागेल." वर्ग हसला. केसरीनाथ हसला नाही, उभाच राहिला.

कर्णिक सत्तरीला आले होते. त्यांनी चष्मा लावला आणि जुनं कार्यवृत्त उघडलं. हे ते दुष्टपणाने करत नव्हते. त्यांना कार्यक्रम चालू ठेवायचा होता. "इथं ठराव आहे. पंच्याऐंशीचा. 'अन्य कोणत्याही दिवशी झालेली कृती लढाईचा भाग समजली जाणार नाही.' अक्षर तुमचं आहे, ताम्हणे."

"धोंडूबाईंनी सांगितलं होतं, लढाई संपलेली नाही म्हणून."

"तसं लेखी आहे का कुठे?"

नव्हतं. ताम्हण्यांनी अधिकाऱ्यांचं पत्र वाचलं. तारीखच दहा दिवस चुकीची आहे, तर तिच्यावर अडून कसं चालेल, असं ते म्हणाले.

"असेलही," कर्णिक म्हणाले. "पण परवानगी अठराची आहे. आठ वर्षं अठराची आहे."

"ह्या कागदाची आयला," केसरीनाथ म्हणाला. "मानूस गेला ना पल्याड!"

कर्णिकांनी ताम्हण्यांकडे पाहिलं. "तुमच्या खिडकीवर असं कुणी आलं तर तुम्ही काय सांगता?"

खिडकीवर अशी माणसं रोज येत. मूल कडेवर असायचं, जिवंत, रडत असायचं, आणि ते म्हणत, मुदत उलटलीय, अशी नोंद होत नाही.

"नोंद होत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी पेनाला टोपण घातलं होतं ते काढलं. ठराव क्रमांक तीन : दि. २२ ऑक्टोबर १९९२ रोजीची कृती मुदतीबाहेर असल्याने ग्राह्य धरता येत नाही. इंग्रज कप्तानाच्या जागी श. वा. ताम्हणे यांचे नाव कायम. सूचक कर्णिक. अनुमोदन द्यायला केसरीनाथने नकार दिला, दुसऱ्या कुणीतरी दिलं. तारखेखाली त्यांनी सवयीने लाल रेघ मारली.

सभा संपल्यावर केसरीनाथ दारात थांबला होता. "भाऊ, अठराला तिथी कुठली हाय, बगितली?"

"तृतीया."

"मंग दुपारी तीन-साडेतीनला लावू. पानी भरपूर हाय." जिना उतरताना तो म्हणाला, "उजव्या अंगान जावाचा असल तर सांगा. मी वल्ही हलू मारीन."

अठरा तारखेला साडेतीन वाजता पाणी काठोकाठ होतं आणि थांबलेलं होतं. ते कोणत्याच बाजूला ओढत नव्हतं. इंग्रजांची होडी मधोमध गेली आणि उभी राहिली. कोट नवीन शिवला होता. नवशाने मागे वळून विचारलं, "पलवू?"

ताम्हण्यांनी खुंटाकडे पाहिलं, मग काठावर. टोपल्यांच्या मागे, बायकांच्या गर्दीत, सुमतीबाई उभ्या होत्या. लढाईला त्या दहा वर्षांनी आल्या होत्या, पूर्ण नाव सांगायला. धोंडूबाईच्या ओटीवर आता प्रश्न कोण विचारणार, हे अजून ठरायचं होतं.

"नको," ते म्हणाले. "आज पकडू दे."